नांगर न लागलेला कोपरा

पणजी,
१ फेब्रुवारी २००९

ती. नवसूमामांना,

परवा डोळखांबच्या बाजारातून तुम्ही केलेला फोन मधेच तुटला आणि तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. पाड्यावर मोबाइलची रेंज यायची तेव्हा येईल, तोवर आपलं पोस्ट भलं. मी ऐकलं ते बरोबर ना? वरच्या माळाचा तुमचा वनहक्काचा दावा गावच्या समितीने मान्य केला, पण वरच्या समितीने थांबवून ठेवला. का, तर आभाळातून काढलेल्या चित्रात माळावर झुडपं दिसतात, शेत दिसत नाही. एक वर्ष नाचणी, मग वरई, मग खुरासणी आणि पुढे दोन-तीन वर्षं जमिनीला विसावा, ही आपली रीत त्या चित्राला कोण सांगणार?

मला एक सुचलंय. नीट वाचा, मामीलाही वाचून दाखवा.

मी इथे खाडीचा गाळ तपासते हे तुम्हाला ठाऊक आहे. मला चिखलवाली म्हणता हेही कानावर आलंय. डिसेंबरात आम्ही घोडबंदरच्या बाजूला होडीतून नळ्या ठोकून गाळ वर काढला. गाळ थरावर थर बसत जातो, खालचा जुना आणि वरचा नवा. तुम्ही लहान होतात तेव्हा बड्या देशांनी उघड्यावर अणुबाँब फोडून पाहिले, कुणी समुद्रातल्या बेटांवर, कुणी बर्फाळ मुलखात. त्याची धूळ आभाळात चढली, जगभर फिरली आणि पावसाबरोबर खाली उतरली. तिच्यात सीझियम नावाचा पदार्थ असतो, तो मातीला एकदा चिकटला की सहसा सोडत नाही. खाडीत १९६३च्या सुमाराच्या थरात तो सगळ्यात जास्त सापडतो आणि त्यावरून आम्ही गाळाचं वय सांगतो.

आता खरी गोष्ट. ती धूळ आपल्या माळावरही पडली. ज्या जमिनीला नांगर लागला नाही, तिथे ती अजून वरच्या चार बोटांतच बसून आहे. जिथे नांगर फिरला, तिथे ती फाळाच्या खोलीपर्यंत सारखी मिसळली आहे. म्हणजे जमीन कसलेली आहे की नाही, हे मातीच सांगते.

आमच्या सरांना विचारलं. ते लगेच हो म्हणाले, कारण त्यांचंही काम आहे. आभाळातून धूळ यायची केव्हाच थांबली, तरी खाडीच्या नव्या गाळात सीझियम येतंच आहे. ते डोंगरातून वाहून आलेल्या मातीबरोबर येत असणार असं त्यांना वाटतं. तुमच्या ओढ्याचं पाणी नदीला, नदीचं उल्हासला आणि उल्हासचं आमच्या खाडीला, तेव्हा त्यांना डोंगरातली माती हवीच होती.

पार्सलने नळी पाठवते आहे. माळातली सगळ्यात चांगली जागा बघा, जिथे कुणी खड्डाबिड्डा केला नाही, जिथली माती वाहून गेली नाही. तिथे नळी हातभर ठोका, अलगद उपसा, दोन्ही तोंडं बंद करा आणि वरच्या टोकाला खूण करून परत पाठवा.

मामीने निघताना पदराच्या गाठीतून दिलेली चिमूटभर माती अजून माझ्या डबीत आहे. होडीत चढायच्या आधी कपाळाला लावते. सरांनी पाहिलं तर तीही यंत्रात घालतील.

तुमची,
दिपाली


मु. करवंदपाडा, डोळखांब,
१९ फेब्रुवारी २००९

चि. दिपालीस मामाचा आशीर्वाद.

तुझं पत्र तानीला दोनदा वाचून दाखवलं. तिने एकच विचारलं, ती बाँबची धूळ नागलीत येते का? तू ते लिहिलंच नाहीस. आम्ही चाळीस-पन्नास वर्षं तीच नागली खातोय आणि तुला पण तिच्यावरच वाढवली. काय असेल ते लवकर कळव, नाहीतर तानी मला भाकरी वाढताना माझ्या तोंडाकडे बघत बसते.

नळी मिळाली. तू सांगितलं तशी माळातली सगळ्यात चांगली जागा बघितली. तानी बरोबर होती, नारळ फोडला आणि मग नळी ठोकली. आज रजिस्टर पार्सल करतो आहे. पोस्टातला बाबू विचारत होता यात काय आहे. मी म्हटलं माती आहे. त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू दाव्यासाठी शहापूरच्या कचेरीत खेटे घालून मी वेडा झालो.

तुझी खाडी मला माहीत आहे. लग्नाआधी दोन हिवाळे मी भिवंडीच्या बाजूला रेतीच्या होडीवर होतो. बादली घेऊन बुडी मारायची आणि तळाची रेती वर आणायची. तो काळा चिखल नाकातोंडात जायचा. आपल्याच डोंगरची माती असेल हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर तिथेच बसून रडलो असतो.

ज्यांनी बाँब फोडले त्यांनी फोडताना मला विचारलं नव्हतं. आता माझ्या बाजूने साक्ष तरी देऊ देत.

नवसू


करवंदपाडा,
६ एप्रिल २००९

चि. दिपालीस आशीर्वाद.

पार्सल जाऊन दीड महिना झाला. तुझं एक ओळीचं पण पत्र नाही. अनंता आमच्या गावच्या समितीत आहे हे तुला माहीत आहेच. तो सांगत आला की मे महिन्याच्या शेवटी तारीख पडली आहे. त्या दिवशी पुरावा दाखवला नाही तर दावा फेटाळतील. मी त्याला फुशारकीने सांगून बसलो आहे की माझी भाची कागद पाठवते आहे.

बाजाराच्या दिवशी पोस्टात जातो. बाबू आता मी विचारायच्या आधीच मान हलवतो. यंत्र बिघडलं असेल तर तसं कळव. तू आजारी असशील तर ते आधी कळव.

नवसू


पणजी,
१३ एप्रिल २००९

ती. मामांना,

मी आजारी नाही आणि यंत्रही बिघडलेलं नाही. लिहायला बसते आणि कागद फाडते, असं तीन आठवडे चाललंय.

आधी मामीसाठी. नाचणीला काही होत नाही. ती धूळ आता इतकी थोडी उरली आहे की आमच्या यंत्राला तिचा माग काढायला दिवस-दिवस लागतो. निर्धास्त खा.

आता तुमचं. नळीतली माती बोटा-बोटावर कापून मोजली. सीझियम सगळं वरच्या चार बोटांत आहे, त्याखाली जवळजवळ काहीच नाही. याचा अर्थ या जमिनीला पन्नास वर्षांत नांगर लागलेला नाही. मी चुकले असेन म्हणून पुन्हा मोजलं. सरांनी स्वतः पाहिलं. तेच आलं.

मामा, आई गेल्यावर तुम्ही मला सांभाळलंत. तुमच्यावर माझा विश्वास नाही असं नाही. पण मी आठवायला बसले, तर माळावर नांगर चालताना मला आठवतच नाही. जूनला तुम्ही मला आश्रमशाळेत सोडून यायचात. दिवाळीला यायचे तेव्हा नाचणी खळ्यात आलेली असायची आणि उन्हाळ्यात माळ मोकळा असायचा. म्हणजे मी कधी पाहिलंच नाही. लोक दावा टाकताना न कसलेली जमीनही त्यात घालतात असंही इथे कुणी कुणी बोलतं.

खरं काय ते मला सांगा. कसंही असलं तरी मी तुमचीच आहे. पण खोटा कागद माझ्या हातून लिहून होणार नाही.

दिपाली


करवंदपाडा,
२१ एप्रिल २००९

दिपाली,

माळाच्या उतारावर औताला असताना ढवळ्याचा पाय मोडला आणि तो गेला. तो तिथे काय फिरायला गेला होता? तू तेव्हा शाळेत होतीस, म्हणून तुला ढवळ्या पण पाहिल्याचं आठवत नसेल.

कागद पाठवू नकोस. तारखेला मी जाईन आणि माझं तोंड आहे तेवढं बोलेन. आज दुपारी मी जेवलो की नाही ते तुझ्या यंत्राला विचारून बघ.

नवसू


मुरबाड,
२ मे २००९

दिपे, मी तानी. मुरबाडला माज्या भावाकडं आलेय. मी बोलते नि त्याची सून काजल लिवते. मी सांगितलं तसंच लिव असं तिला बजावलंय.

तुजं पत्र मामाने मला वाचून दाखवलं नाय. कुडाला खोचून ठेवलं. कोनाशी बोलत नाय, जेवताना ताटात बोटं फिरवतो. मंग मी त्ये पत्र काडलं, कनवटीला लावलं नि जीपने हितं आले. काजलने वाचलं तवा मला समजलं.

अगो येडे, ती माती वाघदेवाच्या कोपऱ्यातली. तूच लिवलं व्हतं ना, सगल्यात चांगली जागा बगा, जितं कोनी खड्डा केला नाय. मंग आमच्या माळात त्याच्यापरीस चांगली जागा कंची? शेतातून काय पन भायेर जायाचं तं पयलं देवाच्या कोपऱ्यातनं. नागलीची पयली मूठ तितंच ठेवायची. तू शिकाया निगालीस तवा तुज्या गाठीला बांदली ती माती पन तितलीच. त्या कोपऱ्यात नांगर न्यायचा नाय नि कुदळ मारायची नाय, मामाच्या आज्यापासून आमी पालतो. नळीसाटी नारल फोडून देवाची परवानगी घेतली.

मामाला हे सांगायचं सुचलं नाय, नि मला पन सुचलं नसतं. देवाचा कोपरा नांगरत नाय, हे काय कोनाला लिवून कळवायचं असतं? आमाला वाटलं तुला ठावं हाय. तू घरचीच ना.

आता दुसरी नळी पाठवतेय. अनंताला निरोप धाडला, त्याने शहापूरच्या दुकानातनं तसलीच आनली. माळाच्या मदोमद, बांधाच्या खाली ठोकली नि हितं आनून दिली. मामाला ठावं नाय, पार्सल हितूनच करते.

इचारलंस त्याचं काय नाय, पोरं इचारतात. पन खरं सांगा असं लिवायचं नव्हतं गो. त्यो मानूस खोटं बोलाया लागला तं त्याचे कान आदी लाल व्हतात, त्ये तुला ठावं हाय.

तानी


पणजी,
१८ मे २००९

ती. मामा आणि मामीला,

मामीचं पत्र वाचलं आणि लाजेने कुठे तोंड लपवू असं झालं. रोज डबीतली ती माती कपाळाला लावते आणि ती कुठली ते एकदाही विचारलं नाही. मामा, मला रागवा, काय हवं ते बोला, पण बोला.

सरांनी दुसऱ्यांचे नमुने थांबवून आपली नळी आधी लावली. दुसऱ्या नळीत सीझियम फाळाच्या खोलीपर्यंत सगळीकडे सारखं मिसळलेलं आहे. हा माळ पुन्हा पुन्हा नांगरलेला आहे, याबद्दल सरांना शंका उरलेली नाही. आणखी एक दिसलं. देवाच्या कोपऱ्यात जेवढं सीझियम आहे, त्याच्या निम्मंच माळात उरलंय. बाकीचं मातीसकट उतारावरून वाहून गेलं. आमच्या खाडीत येतं ते हेच. सरांना त्याचा इतका आनंद झाला की त्यांनी सगळ्यांना चहा पाजला. मला तो चहा गोड लागला नाही, कारण पुढे एक पेच आहे.

दुसऱ्या नळीला एकटीला अर्थ नाही. साहेब विचारतील, नांगरलेली माती अशी दिसते, तर मग न नांगरलेली कशी दिसते? ते दाखवायला शेजारचीच, कधी न कसलेली जागा लागते. ती तुमच्याकडे आहे, इतकी चांगली की सर म्हणतात अशी जागा शोधून सापडत नाही. पण ते लिहायचं म्हणजे देवाचा कोपरा कधी कसला गेला नाही, असं सही करून सांगायचं. कसलेली तेवढीच जमीन नावावर होते. तुमच्याच कागदावरून तो कोपरा दाव्यातून बाहेर जाईल.

दोन्ही नळ्या लिहिल्या तर माळ मिळेल आणि कोपरा जाण्याची भीती. एकही लिहिली नाही तर सगळंच साहेबांच्या मर्जीवर. अर्धवट लिहिणं मला जमणार नाही, पण लिहायचं की नाही हे मी ठरवणार नाही. मागच्या वेळी मी फार ठरवलं. तारीख जवळ आली आहे, उलट टपाली कळवा.

दिपाली


करवंदपाडा,
२४ मे २००९

चि. दिपालीस आशीर्वाद.

पत्र काल आलं. काल संध्याकाळी अनंताला बोलावून तिघे बसलो.

अनंता म्हणाला की सोपं आहे, कोपऱ्यात एकदा नांगर फिरवा, मग सगळा माळ एकसारखा झाला, कुणी काही बोलायला नको. मी त्याला लगेच नाही म्हटलं नाही. खोटं कशाला बोलू, मला ते पटलं होतं. आधी देवाची जागा वाचवायची तर जमीन नावावर हवी आणि ती नावावर करायची तर जागा नांगरायची, असा गुंता डोक्यात झाला.

तानी चुलीपाशी होती. ती म्हणाली, "नांगर तूच धर अनंता. आनि पयली मूठ मंग कुठं ठेवायची त्ये पन तूच सांग."

अनंता उठून घरी गेला. पण माझं मन थाऱ्यावर नव्हतं. आज सकाळी तानी पाण्याला गेली तेव्हा मी औत जुंपलं आणि माळावर गेलो. जमीन दगडासारखी झालेली, फाळ नुसता खरडत होता. मला फक्त कोपऱ्यापर्यंत जाऊन बघायचं होतं, असं मी स्वतःला सांगत होतो. कोपऱ्याच्या अलीकडे, जिथून आम्ही दर वर्षी फिरतो, तिथे बैल आपसूक वळले. मी कासरा ओढला नव्हता की हाळी दिली नव्हती. त्यांना त्या जागेवरून वळायचंच माहीत आहे. मी पण त्यांच्यामागे वळलो आणि घरी आलो. तानीला हे सांगितलेलं नाही, तू पण सांगू नकोस.

दोन्ही नळ्या लिही; तारखेला वेळ उरला नाही म्हणून अनंता उद्या शहापूरहून फोनवर पण हेच सांगेल. कागद थेट अनंताच्या नावे शहापूरला पाठव, तो तारखेला घेऊन येईल.

तुझ्यावरचा राग अजून गेलेला नाही. तो जाईल तेव्हा कळवीन.

नवसू


पणजी,
९ सप्टेंबर २००९

ती. मामांना,

जूनपासूनचं माझं हे तिसरं पत्र. अनंतामामाने शहापूरहून फोन करून एवढंच सांगितलं की साहेबांनी कागद ठेवून घेतला, खूप प्रश्न विचारले आणि मोजणीला माणसं येतील म्हणाले. पुढे काय झालं? मोजणी झाली का? कोपरा राहिला का?

इथे माझा लेख छापायला गेला. त्यात तुमच्या माळाचं नाव नाही, नुसता एक आकडा आहे. तो बघितला की मला कसंतरीच होतं. काम करताना मधेच उठते आणि खिडकीपाशी जाते. समोर समुद्र असतो, त्याचा काही उपयोग होत नाही. काहीतरी लिहा. रागाचं लिहिलंत तरी चालेल.

दिपाली


मुरबाड,
४ फेब्रुवारी २०१०

चि. दिपालीस मामाचा आशीर्वाद.

म्हशाच्या जत्रेला आलो होतो. जुना बैल आता थकला म्हणून नवा घेतला. तानी मुरबाडला भावाकडे उतरली आहे, तिथूनच हे लिहितो. तुझी सगळी पत्रं मिळाली. कागद हातात पडेपर्यंत लिहायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून तुला ताटकळत ठेवलं. थोडं मुद्दाम पण ठेवलं. मी दीड महिना पोस्टाच्या पायरीवर काढला होता.

माळ मिळाला. कागदावर माझं नाव आहे आणि माझ्या बरोबरीने तानीचं पण आहे, कायदाच तसा आहे. तिचं नाव कुठल्या जमिनीवर लागलेलं मी पहिल्यांदा बघितलं. तिने तो कागद उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, यात मी कुठं हाय? मी बोट ठेवून दाखवलं. मग तिने त्या अक्षरांवरून हात फिरवला.

कोपरा नाही मिळाला. दिवाळीच्या आधी मोजणी झाली. नागली उभी होती. साहेब चांगला माणूस होता, टोपी काढून देवापुढे उभा राहिला. मग म्हणाला, "बाबा, तुमच्याच कागदात लिवलंय ना, हितं कधी नांगर लागला नाय म्हणून. मला नाय घेता येत." खोटं काय होतं त्यात? कोपऱ्याच्या अलीकडे, बैल वळतात त्याच जागेवर, हद्दीचा दगड लागला. कुणी त्यांना जागा दाखवली नव्हती. मातीत वळणाचा माग दिसत होता, त्यावरूनच त्यांनी फीत धरली.

नागली कापली त्या दिवशी तानी पहिली मूठ घेऊन निघाली. हद्दीच्या दगडापाशी थांबली. मला वाटलं आता रडेल. तिने चपला काढल्या, दगड ओलांडला, मूठ ठेवली आणि परत आली. मला म्हणाली, "आपन कवा म्हनलं व्हतं त्यो आपला हाय म्हनून?"

अनंता म्हणतो, देवाच्या जागेसाठी पूर्ण पाड्याच्या नावे वेगळा दावा टाकता येतो. त्याला पुरावा काय लागेल, तर त्या जागेला पिढ्यानपिढ्या कुणी हात लावला नाही हा. तेव्हा तुझी ती पहिली नळी, जिच्यावरून तू मला खोटारडा ठरवलंस, ती जपून ठेव. फेकली असशील तर मला सांगू नकोस.

बाकी हिशोब असा झाला की अर्धा माळ तुझ्या खाडीत, देवाचा कोपरा सरकारात आणि उरलेला आमच्या दोघांच्या नावावर. पुढच्या पावसाआधी बांध वाढवून घेतो आहे. तुझ्या सरांना सांग, यापुढे फुकट माती येणार नाही.

राग गेला आहे. तुझ्या यंत्रावर तो कधीच नव्हता, तू विचारलंस त्याचा होता. पण तू पाहिलंच नाहीस हे तुझं खरं आहे, आणि तुला शाळेत सोडायला मीच येत होतो. म्हणून सांगतो, या जूनला रजा काढ आणि ये. नवा बैल जुंपणार आहे, त्याला अजून कुठून वळायचं ते माहीत नाही. तू त्याच्या पुढे चाल. मग माळ कुणी नांगरला असं परत कुणी विचारलं, तर तुला नळी लागता कामा नये.

नवसू